विचारपूस

गाठ ओळखीची होती. केळीच्या वाळल्या सालपटाचा दोरा, केळीचंच वाळलं पान, आणि आत उन्हात सुकून मधाच्या रंगाला आलेली राजेळी केळी — म्हणजे आत केळ, बाहेर केळ, बांधायलाही केळच. एका झाडानं दुसऱ्या कुणाचे उपकार न घेता स्वतःला बांधून पाठवावं तशी ती सुकेळीची पुडी टेबलाच्या कोपऱ्यावर पडून होती, आणि आशालता तिच्याकडे बघत होती... सोडावी की नको.

दर माघात एकदा ही पुडी यायची. कारखान्यात कामाला असलेली सुझान सकाळच्या पाळीला जरा आधी येऊन ठेवून जायची, सांगायची नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. भुईगावच्या वाडीत तिची सासू चटईवर केळी उन्हात घालायची, रोज हातानं उलटायची, संध्याकाळी लेकरासारखी आत घ्यायची; आणि त्या सगळ्या उन्हातलं थोडं ऊन दरवर्षी वसईतल्या वालीवच्या ह्या कारखान्यात, पत्र्याखालच्या ह्या खोलीत, आशाताईंच्या टेबलावर येऊन पडायचं. आशालता ते घरी न्यायची, भालचंद्र — तिचा नवरा, पोस्टातून निवृत्त होऊन आता पेपर आणि गुडघे सांभाळत बसलेला — चहाबरोबर एकेक तुकडा चघळत म्हणायचा, "तुझ्या पोरी तुला जपतात हो. तू नोकर आहेस का त्या कारखान्याची, की आई?" आणि ती हसायची. दरवर्षी हसायची.

आज हात पुढे गेला आणि तसाच मागे आला.

सकाळी आचोळ्यात घरी वीज नव्हती, मोटर बंद, टँकरचं पाणी बादल्यांनी जिना चढून वर न्यावं लागलं होतं. पण बादल्यांचा शीण दुपारपर्यंत उतरतो हे तिला वर्षानुवर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. कालपासून हा जो दुसरा चढला होता, त्याला कुठल्या पायरीवर खाली ठेवावं ते कळत नव्हतं.

काल हर्षवर्धननं बोलावलं होतं. नवा मॅनेजर, तिच्या मुलाच्या वयाचा, बोलताना पेन टिचकवायची खोड. मूळ कंपनी इंग्लंडातली. तिकडून काही आलं की ह्याचं पेन जोरात टिचकायचं.

"एकदम साधं आहे मॅडम. तिकडे कंपनीनं एक विमा काढलाय. कामगारानं कोर्टात खेचलं — मला बाई म्हणून डावललं, लग्नावरून डावललं, धर्मावरून काढलं, साहेबानं छळलं — तर वकिलापासून भरपाईपर्यंत सगळं विमा कंपनी बघते. आत्तापर्यंत तो तिकडच्या माणसांपुरता होता. आता परदेशातल्या सगळ्या युनिट्सना लावतायत. आपल्यालाही."

"आगीचा असतो तसा?"

"तसाच. फक्त आगीऐवजी माणसं." तो स्वतःच्या विनोदावर खूश झाला. "आणि नुसती कंपनी नाही हां, तुम्हीसुद्धा त्यात आलात. तुमच्यावर कोणी केस टाकली तर तुम्हालाही संरक्षण."

"कुणापासून?"

पेन थांबलं. "म्हणजे... तसं बघायला गेलं तर, आपल्याच मुलींपासून."

...आपल्याच मुलींपासून. रात्रभर ती कुशीवर वळली की हे शब्द बरोबर वळत होते. आयुष्याचा विमा असतो, मालाचा असतो, यंत्राचा असतो, हे तिला माहीत होतं. एखाद्याला 'नाही' म्हटल्यानं त्याच्या पोटात जे तुटतं त्याचाही विमा असतो, आणि तो तुटणाऱ्याच्या नावानं नसतो, तोडणाऱ्याच्या नावानं असतो, हे काल कळलं — समुद्रापलीकडून इथवर कुणीतरी छत्री उघडत आणली होती आणि म्हणत होतं, या बाई, आत या, भिजाल. पण बाई भिजतच नव्हत्या. भिजत दुसरंच कुणीतरी होतं.

आज चहानंतर फोन येणार होता. विमा कंपनीची बाई एक प्रश्न माणसं घेणाऱ्या व्यक्तीलाच, म्हणजे आशालतालाच, विचारणार होती: कुणाला लग्न, बाळंतपण, धर्म असल्या कारणानं डावललंय, आणि उद्या त्यावरून तक्रार होऊ शकेल, असं काही तुम्हाला माहीत आहे का? हर्षवर्धननं उत्तरही देऊन ठेवलं होतं. 'नाही'. कारण 'हो' म्हटलं तर वसई वगळून बाकीच्यांना विमा लागेल, आणि ज्या युनिटला विमा नाही तिथं नवी लाइन टाकायची नाही असं वरून आलंय. लाइन कोलंबोला जाईल. "आणि आजपासून इंटरव्ह्यूत गाव, लग्न, मुलंबाळं, घरी कोण — काही म्हणजे काही विचारायचं नाही."

"मग विचारू काय?"

"काम विचारा ना मॅडम! काम!"

दारावर टकटक झाली. इंटरव्ह्यूला आलेली मुलगी. मनवेलपाड्याची अश्लेषा, तेलानं चोपून बसवलेली वेणी, हातरुमालाची सुरळी करून मुठीत धरलेली. बसली. आशालतानं तिच्याकडे बघितलं आणि ओठ उघडले, आणि तोंडात काहीच नव्हतं.

म्हणजे शब्द होते. जिभेवर रांगेनं उभे होते — गाव कुठलं गं? घरी कोण कोण? भाऊ काय करतो? लग्नाचं बघतायत का? — पण दाराला कडी लागली होती. इतकी वर्षं हे प्रश्न तिनं विचारले असं कुठं होतं, ते आपले आपणच यायचे, पाहुण्याला पाणी द्यावं तसे. आई जात्यावर बसायची, माणदेशातल्या त्या कोरड्या पहाटेला, आणि समोरच्या खुंट्याला हात लावायला जी कुणी बसेल — नवी सून, शेजारीण, वाटेवरची — तिचं आधी गाव ओवीत यायचं, मग भाऊ यायचा, मग पिठाची धार सुरू व्हायची.

*नवी आली सून दारी, पुसा तिला तिचं गाव*
*पुसल्यावाचून बाई, जिवा लागंना गं ठाव*

पुसल्यावाचून माणूस आपलं होत नाही, एवढं एकच शिक्षण तिनं आईकडून आणलं होतं, आणि त्या शिक्षणावर हा सगळा कारखाना भरला होता. आज समुद्रापलीकडचं कुणी म्हणत होतं की ह्या प्रश्नांनी माणूस जखमी होतो. मग आईच्या ओव्या काय होत्या... जाऊ दे.

"हात दाखव," ती शेवटी म्हणाली.

मुलीनं चकित होऊन दोन्ही तळवे पुढे केले. थरथरत नव्हते. इथं ऑपरेशननंतर टाके घालायचे दोरे होतात. सुई चंद्रकोरीसारखी वाकडी आणि तिला नेढंच नसतं. मागच्या टोकाला, लांबीच्या दिशेनं, केसाएवढं भोक, त्यात दोरा सरकवायचा, चिमट्यानं दाबायचा, भिंगाखाली, दिवसभर. नेढं असलं की मांसातून जाताना ओरबाडतं. हिच्यात सुई कुठं संपली आणि दोरा कुठं सुरू झाला ते मांसाला कळतच नाही. आणि दाबून झाला की दोरा एकदा ओढून बघायचा. नव्या मुलीला पहिल्या दिवशी आशालता स्वतः शेजारी बसून सांगायची: ओढ. भिऊ नको. तुटायचा तर इथं तुटू दे, माणसाच्या पोटात नको.

"बारीक काम जमतं?"

"जमतं. भरतकाम येतं." मुलगी थांबली. इकडे तिकडे बघितलं. मग धीर करून, "मॅडम, लग्नाचं नाही विचारणार?"

"का गं?"

"नाही... म्हणजे ताईनं सांगितलेलं. माझी मोठी बहीण. तिच्या मैत्रिणी इथे आलेल्या आधी. त्या बोलल्या, बाई खूप प्रेमानं बोलतात, गाव विचारतात, आईचं विचारतात, मग हळूच लग्नाचं काढतात. तेव्हा 'ठरलंय' बोललीस तर गेलीस. म्हणून मी आख्खं पाठ करून आले, लग्न इतक्यात नाही, वडील नाही म्हणतात, घरची जबाबदारी आहे..." ती हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं असावं, कारण रुमालाची सुरळी पुन्हा वळू लागली. "सॉरी मॅडम. असंच बोलतात सगळे. मनवेलपाड्यात."

"असू दे," आशालता म्हणाली. "सोमवारपासून ये."

मुलगी गेली. पंखा फिरत होता. मनवेलपाड्यात... म्हणजे आचोळ्यातही. म्हणजे भाजीवालीच्या टोपलीपाशी, पाण्याच्या रांगेत, जिथं मी उभी राहिले की बायका बाजूला सरकून जागा करायच्या आणि मला वाटायचं मान देतात, तिथं मी पाठ वळवल्यावर हे बोलणं चालत होतं. प्रेमानं बोलतात, मग हळूच काढतात. मी हळूच काढत नव्हते गं. मी खरंच विचारत होते. आणि उत्तर आलं की त्याचं काय करायची? — ते मात्र खरं. उत्तर आलं की ते वापरायची.

सुकेळीची गाठ तशीच होती.

नव्या जपानी भिंगांचं खोकं आलं होतं त्या वर्षीची गोष्ट. सुपरवायझरची जागा निघाली होती आणि सुझानसारखा हात अख्ख्या कारखान्यात नव्हता. तिनं ओढलेला दोरा तुटलेला कुणी पाहिला नव्हता. ह्याच खुर्चीत येऊन बसली होती. आशालतानं आधी घरची विचारपूस केली, आईच्या दम्याची केली, आणि मग, जसं नेहमी, "काय गं, लग्नाचं कुठवर आलं?"

"ठरलं ताई! ईस्टर झाला की लगेच. लुईस नाव आहे." आणि अशी हसली होती, की जणू खोलीत मोगऱ्याची परडी कुणी उपडी केली.

त्या हसण्यातच आशालतानं ठरवून टाकलं होतं. सुपरवायझरला आठवड्याआड रात्रपाळी. नव्या नवरीला रात्रपाळी कशाला? वर्षात पाळणा हलेल, मग ही धावपळ, मग नाइलाजानं सोडायची वेळ येईल, मग रडेल. त्यापेक्षा नकोच. जागा रुचिताला दिली, जिची मुलं शाळेत जायला लागली होती. आणि सुझानला दुखवायचं नाही म्हणून, केवळ दुखवायचं नाही म्हणूनच, पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "अजून हात बसायचाय गं तुझा. पुढच्या वेळी नक्की."

सुझान आपल्या हातांकडे बघत बाहेर गेली होती.

पाळणा हलला नाही. पहिल्या वर्षी आशालता विचारायची, "काय, गोड बातमी?" सुझान म्हणायची, "देव देईल तेव्हा, ताई." दुसऱ्या वर्षीही विचारलं. मग एकदा सुझाननं उत्तर देताना भिंगावरून डोळा उचलला नाही, तेव्हा विचारणं बंद केलं, आणि तेही आपण मायेनंच बंद केलं असं आशालताला वाटलं. ज्या लेकरापायी तिनं ती जागा हिरावली, ते लेकरू आलंच नाही. जागा गेली ती गेली... आणि दर माघात सुकेळी मात्र आली.

जेवणाच्या सुट्टीत सुझान स्वतःच शेजारी येऊन बसली. डबा उघडला, पाव आणि सुक्या जवळ्याची चटणी. "घ्या ताई. तुम्ही आज डबा नुसता उघडून ठेवलाय. काकांशी भांडून आलात काय?"

"भांडायला जोर कुठंय गं?"

"मग बादल्या उचलल्या असणार. त्यांना सांगा, गुडघा दुखतो, हात नाही ना दुखत?" ती हसली, मग हसणं पुसून पावाचा तुकडा मोडत राहिली. "ताई, नवी लाइन येतेय म्हणतात. सुपरवायझर लागणार. उद्यापर्यंत नाव द्यायचं." पाव मोडून मोडून चुरा झाला होता. "देऊ का? तेव्हा तुम्ही बोललेला, हात बसला नाही. आता बसलाय का, तुम्ही सांगा. तुम्ही नाही बोलला तर नाही देणार."

आशालतानं तिच्याकडे बघितलं. ह्या चेहऱ्यात कुठं काही लपलेलं आहे का, मनवेलपाड्याला कळलेलं भुईगावपर्यंत पोचलं आहे का, ही खरंच विचारते आहे की सावकाश, मऊ हातानं, चिमट्यात धरते आहे — तिला काहीच वाचता येईना. इतकी वर्षं विचारून विचारून हिचं सगळं तिला ठाऊक होतं: सासूचं नाव, वाडीतल्या विहिरीचं पाणी, रविवारी चर्चमध्ये कुठल्या मिस्साला जाते, लुईसला कुठली भाजी आवडत नाही. आणि हिला काय वाटतं तेवढं एक कधी विचारलं नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली. "संध्याकाळी सांगते."

"बरं." सुझाननं डबा मिटला. "सुकेळी खा. ह्या वेळी ऊन चांगलं मिळालं."

चहानंतर फोन आला. हर्षवर्धनच्या टेबलावर तो काळा यंत्राचा ठोकळा, त्यातून समुद्राखालून आल्यासारखा बाईचा आवाज. सभ्य, स्वच्छ, इस्त्री केलेला. नाव सांगितलं, वेळ दिल्याबद्दल आभार मानले. आशालता नकळत थांबली, की आता ही विचारेल, कशा आहात, तिकडे ऊन पडलंय का, मुलं किती. बाईनं काही विचारलं नाही. सरळ प्रश्न विचारला, शब्द न् शब्द, हर्षवर्धननं सांगितलेला तोच. आणि पुढे एक वाक्य जास्तीचं: तक्रार झालेली नसली तरी चालेल, होऊ शकेल असं काही तुम्हाला, व्यक्तिशः, ठाऊक आहे का?

आवाज पोचायला क्षणभर लागायचा. त्या क्षणात आशालताला स्वतःचाच श्वास ठोकळ्यातून परत ऐकू आला. समोर हर्षवर्धन मान हलवत होता — नाही, नाही, म्हणा ना. 'नाही' म्हटलं तर छत्री वसईपर्यंत येईल, लाइन येईल, सुझानला जागा मिळेल... आणि तो खोटा 'नाही' त्या जागेच्या पायात गाडलेला राहील. 'हो' म्हटलं तर सुझानचं नाव न घेता सुझानचीच जागा दुसऱ्यांदा जाईल. दोन्हीकडे मीच. मीच तिच्यासाठी ठरवणार, तिच्या भल्यासाठी, तिला न विचारता.

"मला," ती म्हणाली, आणि तिचं इंग्रजी नेहमीपेक्षा सावकाश, पण सरळ आलं, "मला आधी एकीला विचारावं लागेल. उद्या सांगते."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाली, जरूर, उद्या, आणि ठोकळ्यातला दिवा विझला.

"मॅडम!" हर्षवर्धन उभा राहिला होता. "कोणाला विचारणार? काय विचारणार? अहो, विचारलंत की झाली ना तक्रार! तिला माहीतच नसेल तर आपण कशाला..."

"तिला माहीत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो पुन्हा खुर्चीत बसला. मग हळू आवाजात, पोरासारखं म्हणाला, "नवी लाइन गेली तर तीसुद्धा जाईल, मॅडम. एवढं तरी बघा."

"तेच बघतेय," ती म्हणाली. तो चुकीचं बोलत नव्हता. त्याचा राग आला असता तर सोपं गेलं असतं.

खोलीत येऊन तिनं सुकेळीची पुडी उचलली. खाण्यासाठी नव्हे; रिकाम्या हातानं जाववेना. वऱ्हांडा ओलांडून ती मशीनच्या खोलीत आली. उतरतं ऊन खिडक्यांच्या दुधी काचांतून टेबलांवर पसरलं होतं, बायका भिंगांवर वाकलेल्या, आणि कुणी बोलत नव्हतं, नुसता चिमट्यांचा बारीक कट् कट् आवाज, जात्यासारखा दोघींचा नव्हे, एकेकटा. पाय जड होते. सकाळचे जिने अजून पोटऱ्यांत होते, रात्रीची जाग पापण्यांत होती. शीण कुठं गेला नव्हता. पण तो आता अंगावरून घसरत नव्हता, अंगात बसला होता, आणि त्याला घेऊन चालता येत होतं.

सुझानच्या मागे ती उभी राहिली. आयुष्यभर ती विचारत आली होती, आणि विचारताना कधी चाचरली नव्हती, कारण उत्तर काहीही आलं तरी ते समोरचीचं असायचं. आपल्या अंगाला लागायचं नाही. आजच्या प्रश्नाला पुढचं टोक होतं तसं मागचंही होतं. तुला ठाऊक होतं का गं? — आणि ठाऊक असेल, तर ही पुडी इतकी वर्षं कशाची? माया म्हणून? की मी कधी तरी सोडेन म्हणून बांधलेली? आणि ठाऊक नसेल, तर आता मी सांगणार, आणि मग ही मला काय विचारेल... काहीही विचारेल. विचारू दे. तिचा प्रश्न यायची आपण वाट बघतो आहोत, हे आशालताला आत्ता, इथं, हातातल्या वाळल्या पानाचा चुरचुर आवाज ऐकताना कळलं. आणि भीती वाटली, पण ती भीतीही नवी, कोरी, कधी न घातलेल्या लुगड्यासारखी खसखसणारी.

सुझाननं सुई भिंगाखाली धरली, दोरा सरकवला, दाबला. मागे न बघताच म्हणाली, "बसा ना ताई. उभ्या का?"

आशालता शेजारच्या स्टुलावर बसली, जिथं ती नव्या मुलींजवळ बसायची. पुडी मांडीवर ठेवली. गाठीत नख घातलं.

सुझाननं दोन बोटांत दोरा धरला, आणि ओढला.